राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररस्त्यांवर सायकल : आरे, कान्हेरी, येऊर आणि घोडबंदरचा पूर्ण फेरा

मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे डोंगराळ जंगल पसरले आहे. त्याच्या पोटात शिरणारे आणि त्याला वळसा घालणारे रस्ते सायकलस्वारासाठी इतके जवळ आहेत की बोरिवली, गोरेगाव, पवई, मुलुंड किंवा ठाण्यात राहणारा माणूस घरातून निघून तासाभरात चढाच्या पायथ्याशी पोहोचू शकतो. तरीही अनेक जण या रस्त्यांची सुरुवात उलट्या टोकाने करतात. पहिल्याच महिन्यात घोडबंदरचा पूर्ण फेरा, म्हणजे उद्यानाला संपूर्ण वळसा, मारायला निघतात, वाहनांच्या गर्दीने आणि गायमुखच्या घाटाने हैराण होतात आणि पुढे सायकल गॅलरीत उभी राहते. या लेखात चार टप्पे ज्या क्रमाने करावेत असे मला वाटते त्याच क्रमाने मांडले आहेत. प्रत्येक टप्प्यात एखादे कौशल्य पक्के होते आणि ते पुढच्या टप्प्याला लागते. चढण्याचा दम सरावाने आपोआप येतो, पण उतरणे मात्र मुद्दाम शिकावे लागते, म्हणून उताराविषयी येथे अधिक लिहिले आहे.

निघण्यापूर्वी

या रस्त्यांना फार महागडी सायकल लागत नाही. रोड बाईक असेल तर पुढे ५०/३४ दातांच्या चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) आणि मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) असावी, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरवर पेडलचा एक फेरा पूर्ण होताना चाक साधारण एकदाच फिरते आणि कान्हेरीच्या शेवटच्या चढावर गुडघ्यांवर ताण येत नाही. हायब्रीड सायकलला एवढे हलके गिअर बहुधा असतातच. टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्यावेत. ६५ ते ७५ किलो वजनाच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते, आणि ओल्या रस्त्यावर ती पाचेक पीएसआयने कमी ठेवली तर पकड सुधारते. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरण्याची सवय अनेकांना असते. त्याने मुंबईच्या रस्त्यावर वेग वाढत नाही, फक्त मनगटे दुखतात.

ब्रेक मात्र घरीच तपासावेत. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे किंवा पॅड झिजले आहेत. रिमब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्याला दाबणाऱ्या ब्रेकच्या, पॅडवर ज्या खाचा असतात त्या दिसेनाशा झाल्या असतील तर सायकल चढावर नेऊ नये, कारण वर गेलेल्या माणसाला खाली यावेच लागते. सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), हातपंप, पॅच, पुढचा आणि मागचा दिवा आणि दोन बाटल्या पाणी असावे. हेल्मेट हनुवटीखाली दोन बोटे मावतील एवढे घट्ट बांधावे.

ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चमध्ये कुसुमाची तांबडी पालवी आणि पळस-पांगाऱ्याची फुले पाहण्यासाठी उकाडा सोसायला हरकत नाही, पण नवाच्या आत घरी परतावे. पावसाळ्यात जंगल सर्वांत देखणे असते आणि रस्ता सर्वांत फसवा. झाडांच्या सावलीत कडेला हिरवट शेवाळ धरते, पाड्यांच्या वाटांवरून लाल माती वाहून डांबरावर येते आणि ती ओली असताना सरळ जाणारे चाकही सरकते. पहिल्या वर्षी पावसात फक्त आरेपर्यंतच जावे, असे माझे मत आहे.

पहिला टप्पा : आरे

आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये वसवली गेली, आणि तिचे तबेले आजही क्रमांकाच्या युनिटांनी ओळखले जातात. गोरेगाव पूर्वेला द्रुतगती महामार्गावरील आरे चेकनाक्यापासून रस्ता आत शिरतो, छोटा काश्मीरजवळून पुढे जातो आणि मग एक फाटा मरोळकडे, दुसरा पवईकडे उतरतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला साधारण सहा-सात किलोमीटर होतात, चढ लहान आणि तुटक आहेत, त्यामुळे गिअर बदलण्याचा सराव करायला याहून चांगली जागा नाही.

येथे शिकायची गोष्ट एकच : चढ लागण्याच्या आधी गिअर हलका करणे. नवा स्वार चढ अंगावर आल्यावर, पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलतो, तेव्हा चेन कटकट आवाज करते आणि कधीकधी उतरते. चढाच्या दहा-पंधरा मीटर आधी पायांचा जोर क्षणभर कमी करून गिअर उतरवावा आणि मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांच्या गतीने पेडल फिरवत राहावे. श्वास बोलण्याइतका शिल्लक असेल तर गती बरोबर आहे.

रस्त्याबद्दल दोन सूचना. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या मधली लांबच लांब फट अरुंद टायरला गिळू शकते, म्हणून ती ओलांडायची झाल्यास शक्य तितकी काटकोनात ओलांडावी, तिच्या रेषेत चालवू नये. दुसरे म्हणजे तबेल्यांच्या आसपास ओले शेण आणि सकाळी सोडलेल्या म्हशी. म्हैस घंटीने बाजूला होत नाही. थांबून तिला जाऊ देणे हाच उपाय आहे. आरेत आदिवासी पाडे आहेत, शाळेत निघालेली मुले आणि कामाला निघालेली माणसे याच रस्त्याने चालतात, आणि वेगाचा हिशेब त्यांच्याकडे पाहून करावा. पूर्ण उजाडण्याआधी आतल्या फाट्यांवर जाऊ नये, कारण तो वेळ बिबट्याचा असतो.

आरेत आठवड्यातून दोन-तीनदा, महिनाभर चालवावे. गोरेगावच्या बाजूलाच दादासाहेब फाळके चित्रनगरीकडे जाणारा चढ आहे. तो लांबीने थोडा असला तरी सलग आहे, म्हणून महिन्याच्या शेवटी प्रवेशद्वारापर्यंत जाऊन परतण्याची चाचणी घेता येते.

दुसरा टप्पा : कान्हेरी

बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण सहा ते सात किलोमीटरचा आहे. मेट्रो ७ चे राष्ट्रीय उद्यान स्थानक प्रवेशद्वाराजवळच आहे आणि मेट्रोत सायकल नेता येते, त्यामुळे दूर राहणाऱ्यांनाही महामार्ग टाळता येतो. उद्यान सोमवारी बंद असते, प्रवेशाच्या वेळा फाटकावरच्या फलकावर वाचून घ्याव्यात, आणि लेणी पाहायची असतील तर तेथील तिकीट वेगळे काढावे लागते. स्वतःची सायकल नसलेल्यांना उद्यानात भाड्याने सायकल मिळते, पण ती घेताना दोन्ही ब्रेक दाबून, चाक फिरवून आणि सीट आपल्या उंचीला लावूनच पुढे निघावे.

सुरुवातीचा रस्ता सपाट आहे. दहिसर नदीच्या सोबतीने, फिरायला आलेल्या माणसांमधून तो जातो, आणि येथे वेग काढण्याचा विचारही करू नये. पुढे गर्दी विरळ होते, झाडी दाट होते आणि शेवटच्या सुमारे दोन किलोमीटरमध्ये खरा चढ सुरू होतो. हा चढ तीन भागांत विभागून घ्यावा. पहिल्या वळणापर्यंत मुद्दाम हळू जावे, म्हणजे हाताशी एक गिअर शिल्लक राहतो. मधल्या भागात सीटवर मागे सरकून बसावे आणि हँडल हलक्या हातांनी धरावे, कारण घट्ट आवळलेले हात खांद्यांना आणि खांदे श्वासाला अडवतात. शेवटच्या तीव्र भागात उभे राहून पेडल मारायचे असेल तर उभे राहण्याआधी गिअर एक पायरी जड करावा, नाहीतर पाय रिकामा फिरल्यासारखा होतो आणि सायकल मागे खेचल्यासारखी वाटते. दम तुटला तर उतरून चालत जावे. पाय लटपटत असताना डोलत चालवण्यापेक्षा ते बरे.

वर शंभराहून अधिक लेणी काळ्या बेसाल्टात कोरलेली आहेत, आणि त्यांचे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे चालू होते. लेण्यांच्या दारात खोदलेली पाण्याची टाकी आणि ती भरणारे पन्हळ अवश्य पाहावेत. डोंगरावर पडणारा पाऊस भिक्षूंनी किती नेमकेपणाने अडवला होता हे पाहताना आपल्या बाटलीतले पाणीही जपून वापरावेसे वाटते. माकडांसमोर केळे किंवा चिक्की काढू नये आणि त्यांना काहीही देऊ नये. जर्सीच्या मागच्या खिशातला खाऊ ती अचूक ओळखतात. तेथून तुळशी तलावाकडे जाण्याचा मोह काहींना होतो. पण विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही महापालिकेचे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत आणि तिकडे सर्वसामान्यांना परवानगी नाही, तेव्हा मागे फिरावे.

आता उतरण्याविषयी. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सात मीटर कापते. वळणापलीकडे उभे माणूस दिसणे, ते मेंदूला कळणे आणि बोटांनी लिव्हर दाबणे यात जवळपास एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच सायकल एका खोलीच्या लांबीहून पुढे गेलेली असते. म्हणून नियम असा की जितका रस्ता डोळ्यांना दिसतो तितक्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करायचा. सायकल कलल्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक घसरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे दाबून थोडे सोडून वापरावेत. सतत घासत राहिलेला रिम तापतो. ड्रॉप हँडल (खाली वळलेले हँडल) असेल तर हात खालच्या भागात ठेवावेत, कारण तेथून लिव्हरवर बोटांची पकड पूर्ण बसते. वळताना बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, आतला गुडघा किंचित बाहेर, आणि नजर वळण संपते त्या जागेवर. चाक नजरेमागे जाते. खड्ड्याकडे पाहत राहिलेला माणूस खड्ड्यातच जातो.

डिसेंबरच्या एका सकाळी याच उतारावर मी एका वळणाआधी थांबलो आणि हात लावून पाहिले. सुकलेली दिसणारी पाने उचलली तर त्यांची खालची बाजू दवाने भिजलेली होती, आणि खाली डांबरावर पाण्याचा पातळ थर होता. वरून कोरड्या दिसणाऱ्या पानांवरून त्यानंतर मी कधी कललेल्या सायकलने गेलो नाही. पानांचा पट्टा ओलांडायचा तर सायकल सरळ ठेवावी, पेडल थांबवावे, आणि ब्रेकला हात लावू नये.

कान्हेरीचा उतार एकदाही घाबरगुंडी न उडता, कोणालाही बाजूला व्हायला न लावता सलग चार-पाच वेळा उतरता आला की पुढचा टप्पा घ्यावा.

तिसरा टप्पा : येऊर

येऊर ही उद्यानाची पूर्वेकडची, ठाण्याची बाजू. ठाणे स्थानकाकडून उपवन तलावापर्यंत शहरातून यावे. तलावाच्या पुढे वनविभागाचे फाटक लागते आणि तेथून डोंगर चढणारा वळणावळणाचा रस्ता सुरू होतो. रात्री बाहेरच्या वाहनांना येथे मज्जाव असतो, म्हणून फाटकावरील वेळ पाहून पहाटे निघावे. कान्हेरीत तीव्र चढ शेवटी येतो, येथे तो सुरुवातीलाच आहे. त्यामुळे उपवनच्या काठाने दोन-तीन फेऱ्या मारून पाय गरम करून घ्यावेत. थंड पायांनी चढाला भिडले तर पहिल्या दोन वळणांतच पोटऱ्या भरून येतात. वर पोहोचल्यावर रस्ता पाटोणापाडा, जांभूळपाडा अशा पाड्यांच्या बाजूने जातो आणि हवाई दलाच्या फाटकाशी संपतो. तेथे छायाचित्रे काढू नयेत, वळून परत यावे.

येऊरचा रस्ता मला या चारही टप्प्यांत सर्वांत प्रिय आहे, आणि त्याचे कारण चढ नाही. मे महिन्यात पाड्यावरच्या बायका पळसाच्या पानांत करवंदे घेऊन बसतात, पावसाच्या तोंडाला शेवळे, नंतर टाकळा आणि कर्टुली येतात. सुटे पैसे सोबत असावेत. आणि उतारावर वेग घेताना हे आठवावे की डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला मान वळवून मागे बघता येत नाही. तिला आवाज द्यावा, वेग चालण्याइतका करावा आणि पुरेसे अंतर ठेवून जावे. बंगल्यांकडे येणाऱ्या गाड्या वळणावर मधोमध येतात, म्हणून आपण आपल्या डाव्या बाजूला राहावे, पण अगदी कडेच्या खडीवर जाऊ नये.

बिबट्या दिसलाच तर थांबावे, खाली वाकू नये, पाठ फिरवून पळू नये, सोबत्यांनी एकत्र उभे राहून त्याला वाट मोकळी ठेवावी आणि हळूहळू मागे यावे. बहुतेक वेळा तो क्षणात झाडीत जातो. जखमी प्राणी आढळला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. कानात इअरफोन घालून जंगलात सायकल चालवणे मला मुळीच पटत नाही. माकडांचा खरखरीत इशारा, भेकराचे भुंकणे आणि मागून येणारी गाडी ही तिन्ही कानांनीच कळतात.

२०२४ मध्ये या डोंगरांवर कारवी हे झुडूप फुलले होते. ते आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे पुढची खेप २०३२ च्या सुमारास यावी.

चौथा टप्पा : पूर्ण फेरा

उद्यानाला संपूर्ण वळसा साधारण ६० ते ६५ किलोमीटरचा होतो. तो कोणत्या दिशेने करावा यावर सायकलस्वारांत मतभेद आहेत, पण माझे मत स्पष्ट आहे : ठाण्याहून निघून जंगल डाव्या हाताला ठेवावे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, आणि या दिशेने गेल्यास माजिवडा, घोडबंदर, आरे, पवई, गांधीनगर ही सगळी मोठी वळणे डावीकडची येतात. भरधाव महामार्ग छेदून उजवीकडे वळण्याची वेळ येत नाही. शिवाय सर्वांत अवघड भाग, म्हणजे घोडबंदर रस्ता, सकाळी सर्वांत आधी संपतो. पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांनी त्यासाठी सायकल गाडीत घालून ठाण्याला आणली तरी ते कष्ट वाया जात नाहीत.

दिवस रविवारचाच घ्यावा. हिवाळ्यात सव्वासहाला माजिवड्याहून निघाले तर गायमुखपर्यंत झुंजुमुंजू होते आणि घाट उजेडात पार पडतो. मागचा लाल दिवा तोवर चालूच ठेवावा. कासारवडवलीपर्यंत शहर आहे, जागोजागी सेवा रस्ता आणि मुख्य रस्ता यांची अदलाबदल करावी लागते. गायमुखनंतर रस्ता जंगलात शिरतो. डावीकडे मुख्य उद्यान आणि उजवीकडे खाडीपर्यंत पसरलेला नागला विभाग. म्हणजे हा रस्ता एकाच जंगलाला चिरत जातो, आणि रात्री तो ओलांडताना वाहनांखाली प्राणी सापडतात. येथे अवजड वाहने चढावर रांगत असतात. ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. ट्रकचालकाला त्या बाजूचे काही दिसत नाही. त्याच्या मागे अंतर ठेवून, धूर सोसून, आपल्या गतीने चढावे. गटात असाल तर एकामागे एक चालवावे आणि खड्डा दिसला की हाताने खूण करून मागच्याला दाखवावा.

या घाटाच्या उतारावर माझे मागचे चाक एकदा बसले. ट्यूब बदलली, हवा भरली, आणि दोनशे मीटरवर ते पुन्हा बसले. ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेला पडतात, आणि तसा एक तुकडा माझ्या टायरमध्ये रुतून राहिला होता. मी तो शोधलाच नव्हता. जादा ट्यूब एकच होती, ती गेली, आणि कंटेनरच्या वाऱ्याने हादरत मी पॅच वाळण्याची वाट पाहत उभा राहिलो. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी सायकल रस्त्यापासून दूर, रेलिंगच्या पलीकडे न्यावी. काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक कोठे आहे ते पाहावे आणि व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजून टायरवर तीच जागा शोधावी. टायरच्या आतून रुमाल किंवा कापूस हळू फिरवावा, तो जेथे अडकेल तेथे तार आहे. ती नखाने निघत नाही, बाहेरून दाबून आत आणावी आणि छोट्या चिमट्याने ओढावी. मगच नवी ट्यूब. घोडबंदरला जाताना आता माझ्याकडे दोन ट्यूब आणि एक चिमटा असतो.

घोडबंदर गावाजवळ खाडीवरचा किल्ला आहे, जो पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. विश्रांतीला ही जागा चांगली, आणि येथवर सुमारे १८ ते २० किलोमीटर झालेले असतात. येथे तहान नसली तरी पाणी प्यावे, चिमूटभर मीठ घातलेले असेल तर उत्तम, आणि केळे किंवा खजूर खावेत. पुढे अहमदाबाद महामार्गाने डावीकडे वळून काशीमिरा, दहिसर, बोरिवली, गोरेगाव हा भाग कंटाळवाणा पण सोपा आहे. उड्डाणपुलांवर चढू नये, खालच्या रस्त्याने जावे, आणि चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूला अडकू नये. आरेत शिरल्यावर पुन्हा सावली मिळते. पवईकडच्या फाट्याने बाहेर पडून तलावाच्या बाजूने गांधीनगर आणि तेथून लालबहादूर शास्त्री मार्गाने भांडुप, मुलुंड, ठाणे. हा शेवटचा पट्टा दहा वाजल्यानंतर फार गजबजतो, म्हणून आरेत रेंगाळायचा मोह आवरावा. थकलेले पाय आणि भरलेला रस्ता यांची गाठ येथेच पडते. उशीर झाला असेल तर बोरिवली किंवा गोरेगावला फेरा थांबवून सायकल गाडीत घालून परतणे पूर्णपणे योग्य आहे.

घरी आल्यावर आंघोळीआधी दहा मिनिटे सायकलला द्यावीत. चेन कोरड्या फडक्याने पुसावी, तेलाचा एकेक थेंब कड्यांवर सोडून उरलेले पुन्हा पुसावे, रिम आणि पॅडवरची लाल माती ओल्या फडक्याने काढावी. मग चाक हळू फिरवत दोन्ही टायर उजेडात नीट पाहावेत. बारीक तार किंवा काच रुतलेली दिसली तर ती तेव्हाच काढावी, कारण आज हवा न सोडलेली तार पुढच्या रविवारी गायमुखच्या उतारावर सोडते.